पिशवीचा पैसा पिशवीसाठी, घराला हक्काचा पैसा : नायगाव-हिंदमाता परिसरातल्या रहिवाशांना आवाहन

नायगाव, हिंदमाता, परळ आणि दादर पूर्वेच्या सर्व रहिवासी बंधू-भगिनींना सस्नेह नमस्कार.

आपल्या मंडळाच्या मागच्या दोन्ही सभा एकाच विषयावर गाजल्या. प्लॅस्टिकच्या पिशवीवर कर बसवा आणि तो सगळा पैसा परवडणाऱ्या घरांसाठी बाजूला काढा, असा ठराव मंडळाने करावा आणि महापालिकेला व राज्य सरकारला पाठवावा, अशी मागणी काही सभासदांनी केली. बाजूने बोलणारी बहुतेक तरुण मुलं होती. घरात झोपायला जागा नाही म्हणून ज्यांची लग्नं थांबली आहेत, त्यांनी घरासाठी पैसा कुठूनही आणा म्हणावं, यात नवल नाही. विरोधात उभ्या राहिल्या त्या बाजारात बसणाऱ्या आपल्याच बायका. आवाज चढले, पण कुणी उठून गेलं नाही, याचं आम्हाला समाधान आहे. दोन्ही बाजू ऐकून कार्यकारिणीने एक भूमिका घेतली आहे. ती तुमच्यापुढे ठेवायला, आणि तिच्यासाठी तुमच्याकडून काही मागायला हे पत्र.

मालावर कर लावून त्यातून गरिबांची घरं बांधायची, ही कल्पना मुंबईला नवी नाही. ज्या चाळींमध्ये आपल्यातल्या कितीतरी जणांचा जन्म झाला, त्या बीडीडी चाळी अशाच पैशाच्या आधाराने उभ्या राहिल्या. १९२० मध्ये, गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झालं आणि शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर १ रुपया कर बसला. या कराच्या बळावर कामगारांसाठी ५० हजार खोल्या बांधायचं ठरलं होतं. प्रत्यक्षात २०७ चाळी झाल्या : वरळीत १२१, नायगावला ४२, ना. म. जोशी मार्गावर ३२ आणि शिवडीला १२. खोली १६० चौरस फुटांची, संडास मजल्याच्या टोकाला. ठरलेल्या संख्येच्या निम्म्यानेही खोल्या झाल्या नाहीत. तरीही शंभर वर्षं त्या खोल्यांनी माणसं सांभाळली.

तरुण सभासदांनी हाच दाखला दिला : गाठीवर कर चालला, मग पिशवीवर का नको? दाखला खरा आहे. पण गाठ शहरात यावी, जास्तीत जास्त यावी, असं तेव्हा सगळ्यांनाच वाटत होतं, कारण गिरण्या तिच्यावर चालत होत्या. पिशवी मात्र आपल्याला नकोच आहे. जी वस्तू संपावी म्हणून कर लावायचा, तिच्याच खपावर घरांचा हिशेब मांडायचा, ही गोष्ट आम्हाला पटत नाही.

आयर्लंडने मार्च २००२ मध्ये दुकानातल्या प्लॅस्टिक पिशवीवर १५ सेंट कर लावला. तिथे माणशी वर्षाला सुमारे ३२८ पिशव्या लागायच्या, त्या २१ वर आल्या. पिशव्या रस्त्यावरून गेल्या, म्हणजे कर उत्तम चालला. आलेला पैसा त्यांनी पर्यावरणाच्या निधीत टाकला आणि कचऱ्याच्या कामाला लावला. त्याच पैशावर कुणाच्या डोक्यावरचं छप्पर अवलंबून असतं, तर पिशव्या कमी झाल्याचा आनंद कुणी करायचा आणि अर्ध्यावर थांबलेल्या इमारतीचं काय करायचं?

आता आपल्याकडचा हिशेब. जमीन फुकट मिळाली असं समजू आणि बांधकामाचा खर्च चौरस फुटाला ३,००० रुपये धरू. ३०० चौरस फुटांच्या एका घराला ९ लाख रुपये झाले. पिशवीमागे २ रुपये कर लावला, तर एका घरासाठी साडेचार लाख पिशव्या खपाव्या लागतील. एका घरासाठी! आणि त्या पिशव्या जाणार कुठे, हे वर्षानुवर्षं पावसात पाणी तुंबलेलं पाहिलेल्या हिंदमाताच्या माणसाला सांगायला नको.

गेल्या पावसाळ्याआधी आपल्या गल्लीच्या तोंडाशी पर्जन्यवाहिनीचं झाकण उघडलं, तेव्हा बरेच जण तिथे उभे होते. वर पाणी नव्हतंच, एकावर एक बसलेला काळा थर होता. सफाई कामगाराने पहार घातली, तर तो मातीसारखा फुटेना, चादरीसारखा उचलला गेला. सगळ्या पातळ पिशव्या, एकीत एक गुंतलेल्या, मध्ये झेंडूची कुजलेली फुलं, मेथीच्या काड्या, गुटख्याच्या पुड्या. एका पिशवीची गाठ अजून तशीच होती आणि आत कुणाच्या तरी घरचा ओला कचरा होता. ब्रिटिशांच्या काळातल्या आपल्या वाहिन्या मुळातच तासाला २५ मिलिमीटर पावसाच्या हिशेबाने बांधलेल्या. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतर पातळ पिशव्यांवर सरकारची नजर आणखी करडी झाली. आता हिंदमाताचं पाणी साठवायला प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि सेंट झेवियर मैदानाखाली टाक्या झाल्या आहेत, त्याचा फरकही पडला. पण टाकीपर्यंत पाणी जायला गल्लीतलं तोंड उघडं लागतं.

कायद्याचंही एक आहे, आणि सभेत ते बऱ्याच जणांना ठाऊक नव्हतं. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने प्लॅस्टिकच्या कॅरीबॅगवर सरसकट बंदी आहे, पिशवीला धरायला बंद असोत वा नसोत, जाडी कितीही असो. दुकानदार ‘१२० मायक्रॉनची आहे, चालते’ म्हणतात ते केंद्राच्या नियमाच्या आधारावर. आपल्या राज्यात ती सबब नाही. दंड पहिल्यांदा ५ हजार, दुसऱ्यांदा १० हजार, तिसऱ्यांदा २५ हजार आणि तीन महिन्यांपर्यंत कैद. मग ज्या वस्तूवर बंदी आहे तिच्यावर कर बसवायचा, म्हणजे तिला परवानाच द्यायचा. शिवाय १ जुलै २०१७ ला जीएसटी आला आणि महापालिकेची जकात गेली. आता एखाद्या मालावर स्वतःच्या मनाने कर बसवणं पालिकेच्या हातात राहिलेलं नाही. ठराव करून पाठवला तरी तो एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर फिरत राहील आणि दोन वर्षं वाया जातील.

आणि हा कर भरणार कोण? महिन्याचं सामान एकदम गाडीत घालून आणणारा माणूस वर्षाकाठी मोजक्याच पिशव्या घेतो. रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर पाव किलो भेंडी, दहा रुपयांची मिरची-कोथिंबीर, दोन अंडी घेणाऱ्या बाईच्या हातात रोज तीन पिशव्या येतात. ज्यांना घर नाही, त्यांच्याचकडून घराचा कर वसूल करणं आम्हाला मान्य नाही. बाजारातल्या बायका हेच सांगत होत्या, फक्त रागात सांगत होत्या म्हणून कुणी नीट ऐकलं नाही.

म्हणून कार्यकारिणीची भूमिका अशी. पिशवीच्या दंडाचा जो पैसा येतो, तो त्याच विभागात गटारं, कापडी पिशव्या आणि फेरीवाल्यांना पर्याय देण्यावर खर्च व्हावा, आणि पालिकेच्या आपल्या एफ दक्षिण विभागात किती दंड जमा झाला आणि कुठे गेला, हे पालिकेने दरवर्षी फलकावर लावावं. घरांसाठी मात्र आटणार नाही असा झरा हवा. वाढीव चटईक्षेत्रासाठी, म्हणजे त्याच जागेवर जास्त बांधकाम करायला मिळावं म्हणून, विकासक जे अधिमूल्य भरतात, त्यातला ठरावीक हिस्सा परवडणाऱ्या भाड्याच्या घरांसाठी कायद्याने बांधून द्यावा. मुंबईत घर घेणारा प्रत्येक जण मुद्रांक शुल्काबरोबर १ टक्का मेट्रो अधिभार भरतोच. मेट्रोसाठी पैसा बांधून देता येतो, तर घरांसाठीही येईल.

पैसा बांधून दिला म्हणजे काम झालं असंही नाही, हे जुन्या इमारतींत राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. १९६९ च्या कायद्याने शहरातल्या १९,६४२ जुन्या इमारतींवर दुरुस्ती उपकर बसला. तेव्हापासून आपण तो भरत आलो. मंडळं बदलली, म्हाडा आली, टेकू लागले, पण कित्येक इमारतींचे जिने अजून तसेच हलतात. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली आणि तीसहून जास्त माणसं गेली. त्यामुळे आपल्या मागणीत पैशाबरोबर हिशेबही मागितला आहे, आणि तो रहिवाशांसमोर वाचला जावा असं स्पष्ट लिहिलं आहे.

मागणीपत्राचा मसुदा मंडळाच्या कार्यालयात ठेवला आहे. येत्या रविवारी संध्याकाळी ६ वाजता पटांगणात तो वाचून दाखवू आणि त्यावर चर्चा होईल. ज्यांना अजूनही पिशवीवर करच हवा आहे, त्यांनी तर जरूर यावं. मसुद्यात त्यांचं म्हणणं वेगळ्या परिच्छेदात, त्यांच्याच शब्दांत घालायचं ठरलं आहे. येताना जुन्या उपकराच्या पावत्या, दुरुस्तीसाठी केलेले अर्ज, धोकादायक इमारतीची नोटीस, जे असेल त्याची झेरॉक्स आणा. तोंडी तक्रारीला कुणी विचारत नाही. कागद असला की उत्तर द्यावं लागतं.

आता मदतीचं. दोन कामं ठरावाची वाट न पाहता सुरू करायची आहेत.

पहिलं काम पिशव्यांचं. धुतलेल्या जुन्या साड्या, चादरी, पडदे, धोतरं द्या. एका साडीतून दहा-बारा पिशव्या सहज निघतात. काठ वाया जात नाही, त्याचे बंद होतात आणि ते कापडापेक्षा जास्त टिकतात. शिवायचं काम परिसरातल्या बचत गटांच्या बायका करतील, त्यांना नगावर मजुरी द्यायची आहे. फुकट शिवून घ्यायचं नाही, यावर कार्यकारिणीत एकमत आहे. या पिशव्या भाजीवाल्यांकडे ठेवू. गिऱ्हाइकाने १० रुपये अनामत देऊन न्यायची, परत आणली की पैसे परत. मासळीचं तेवढं कोडं आहे. बाजारातल्या एका मावशींनी सभेत सरळ विचारलं, ‘साडीची पिशवी वांग्या-बटाट्याला ठीक आहे हो, बांगड्याला मी काय करू?’ त्यावर आमच्याकडे एकच उत्तर आहे : मासळीला निघताना घरून झाकणाचा डबा न्यायचा. स्टीलचे, घट्ट झाकणाचे जुने डबे कुणाकडे पडून असतील तर ते द्या. विसरून आलेल्या गिऱ्हाइकासाठी मावशींच्या पाटीशेजारी ठेवता येतील.

दुसरं काम जास्त पैशाचं आहे. इमारत अतिधोकादायक ठरली की कुटुंबाला थोड्या दिवसांत बाहेर पडावं लागतं. संक्रमण शिबिरात जागा मिळाली तर ती बहुतेक वेळा लांब उपनगरात. मुलांची शाळा इथे, आईची चार घरची कामं इथे. जवळपास खोली बघावी तर घरमालक अनामत मागतो आणि तिथेच सगळं अडतं. अशा कुटुंबांना अनामतीपुरती बिनव्याजी रक्कम द्यायची, खोली सोडताना घरमालकाकडून परत आलेली रक्कम निधीत जमा करायची आणि ती पुढच्या कुटुंबाला द्यायची, असा हा निधी आहे. सभासदांनी १०० रुपयांपासून जमेल ते द्यावं. जे आता नवी मुंबईला, डोंबिवलीला, विरारला राहायला गेले पण ज्यांचा जन्म इथल्या खोलीत झाला, त्यांना आम्ही मुद्दाम सांगतो आहोत : तुमच्याकडून थोडं जास्त अपेक्षित आहे. पैसे फक्त मंडळाच्या कार्यालयात, छापील पावती घेऊनच द्या. दारावर येणाऱ्या कुणाकडेही देऊ नका, ओळखीचा असला तरी. निधीतून कुणाला किती दिले याचा हिशेब दर तीन महिन्यांनी फलकावर लागेल. कुटुंबाचं नाव मात्र लावणार नाही.

कापड आणि डबे रोज संध्याकाळी ७ ते ९ या वेळेत कार्यालयात घेतले जातील. ज्यांना जिना उतरणं होत नाही त्यांनी शेजाऱ्यांकडे निरोप द्यावा, मुलं घरी येऊन नेतील. दोन शिलाई मशीनचीही गरज आहे. पायडल मोडलेलं किंवा पट्टा तुटलेला असला तरी चालेल, दुरुस्त करणारे आपल्या चाळीत आहेत.

— कार्यकारिणी, रहिवासी मंडळ, नायगाव-हिंदमाता परिसर