दुसरं पान पाठव

लेका,

काल रात्री तू रिपोर्टचा फोटो पाठवलास आणि खाली लिहिलंस, "आई, जरा बघ गं, पित्ताचा त्रास असेल ना?" मी "बघते" एवढंच उत्तर दिलं. फोन केला असता तर आवाज चढला असता आणि तू फोन ठेवला असतास. म्हणून लिहिते आहे.

तीस वर्षं मी लॅबमध्ये काढली. एसजीओटी 168, एसजीपीटी 71, जीजीटी 412, तिन्ही चढलेले. यकृताचे एन्झाइम पुष्कळ कारणांनी वाढतात. पण विषाणूची कावीळ असली किंवा नुसती चरबी साठलेली असली, तर बहुतेक वेळा एसजीपीटी वरचढ असतो. एसजीओटी त्याच्या दुपटीच्या वर आणि जोडीला असा जीजीटी दिसला, की दारूच मनात यायची आणि आम्ही लॅबमधली माणसं एकमेकांकडे नुसतं बघायचो. पेशंटचं नाव वाचायची गरज नसायची. काल मात्र मी नाव दोनदा वाचलं.

तुला राग येईल, तरी सांगते. गेल्या खेपेला घरी आलास तेव्हा सकाळी पाण्याचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होतास. मग बॅग घेऊन खोलीत गेलास, दार लावलंस, आणि दहा मिनिटांनी बाहेर आलास तेव्हा हात स्थिर होता. मी पाहिलं आणि काही विचारलं नाही. हे न विचारणं मला जुनं आहे, ते पुढे लिहिते.

डॉक्टरांना तू सांगितलंस, "शनिवार-रविवारी थोडी." आणि मला वर ऐकवलंस की बीअर म्हणजे काही दारू नव्हे. 5 टक्क्यांच्या अर्धा लिटर बीअरमध्ये साधारण 20 ग्रॅम मद्यार्क असतो. 40 टक्क्यांच्या 60 मिलिलिटर व्हिस्कीतही जवळपास तेवढाच. यकृत बाटलीवरचं लेबल वाचत नाही. ते आलेल्या दारूचं आधी अ‍ॅसिटाल्डिहाइड करतं, ते दारूपेक्षाही जहाल, आणि मग त्याची विल्हेवाट लावतं. रोज हेच काम मागे लागलं की चरबी जाळायची राहून जाते आणि पेशींतच साठत जाते. पुढे सूज, पुढे व्रण, आणि व्रणांच्या गाठी झाल्या की सिरॉसिस. या सगळ्यात दुखत काहीच नाही, हीच फसगत. यकृताच्या आत दुखण्याच्या नसाच नाहीत; वरच्या आवरणाला ताण बसला तर बरगडीखाली जरा जड वाटतं. तू त्याला पित्त म्हणतोस.

आता मामाचं. तुला आम्ही सांगितलं होतं, मामाला कावीळ झाली. खोटं नव्हतं, अर्धं होतं. त्याच्या रक्ताचे नमुने मीच तपासायचे. पहिल्या दोन रिपोर्टांत एन्झाइम चढलेले होते. तिसऱ्यात एकदम खाली, जवळजवळ नॉर्मल. मी लॅबमधूनच घरी कळवलं, "सुधारतोय!" सगळ्यांना आनंद झाला. त्यालाही झाला, इतका की संध्याकाळी त्याने तो साजरा केला.

त्याच कागदावर प्लेटलेट्स 74,000 होत्या आणि अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं प्रथिन, 2.6. दोन्ही कमी. परक्या माणसाचा रिपोर्ट असता तर मी एका नजरेत ओळखलं असतं. एन्झाइम रक्तात येतात ते पेशी फुटल्यामुळे. फुटायला फारशा पेशीच उरल्या नसतील, तर ते येणार कुठून? व्रणांमुळे यकृतातून रक्त पुढे सरकेना, मागे दाब वाढला, प्लीहा फुगली आणि तिने प्लेटलेट्स अडवून ठेवल्या. अल्ब्युमिन बनवायचं काम यकृताचं, तेही थकलं होतं. सगळं समोर छापलेलं होतं. भावाचं होतं म्हणून मला फक्त वरच्या दोन ओळी दिसल्या.

पुढे पोटात पाणी झालं. मग तो दिवसा झोपायला आणि रात्री जागा राहायला लागला. वॉर्डातली सिस्टर रोज सकाळी त्याच्याकडून वहीत सही करून घ्यायची. मला वाटायचं, असेल काही कागदपत्रांचं. ती अक्षर बघत होती. यकृताने न गाळलेला अमोनिया मेंदूवर चढला की हात आधी सांगतो. सोमवारची सही त्याची नेहमीची, वळणदार. शुक्रवारी नुसती एक रेघ, ओळीच्या खाली घसरत गेलेली. त्यानंतरच्या रात्रीबद्दल मी लिहिणार नाही. ती वही माझ्याकडे आहे.

तुझं बिलिरुबिन, काविळीत चढतं ते, 1.1 आहे, म्हणजे अजून नॉर्मल. हे मी काल तीनदा वाचलं. चरबीच असेल तर दारू पूर्ण सुटल्यावर काही आठवड्यांत ती उतरायला लागते. असे रिपोर्ट मी पाहिलेत, तेच आकडे खाली येताना. व्रण धरायला लागले असतील तरी थांबल्याचा फायदा होतो. पण या एका पानावरून मी काही बोलणार नाही. एकदा बोलून बसले आहे.

आणि हे पत्र वाचून तिरमिरीत "आजपासून बंद" करू नकोस. मला माहितीये, तू तसा आहेस. सकाळी हात थरथरतात याचा अर्थ शरीराला सवय लागली आहे. एकदम थांबलास तर पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दोन-चार दिवसांत भ्रम होऊ शकतो, नाही ते दिसायला लागतं, त्यात माणसं दगावतात. डॉक्टरांच्या नजरेखाली गोळ्या देऊन, थायमिन म्हणजे बी-1 देऊन हे सांभाळून नेता येतं. मात्र त्यासाठी त्यांना खरा आकडा हवा. रोज किती, किती वाजता सुरू, सकाळी लागते का. तू सांगितलेल्या आकड्यावर ते औषध ठरवतील, तर उपचार तुझ्यावर होणारच नाहीत, त्या शनिवार-रविवारवाल्या कुणा दुसऱ्यावर होतील.

त्यानंतर ओढ कमी करणारी औषधं आहेत: नाल्ट्रेक्सोन, अ‍ॅकाम्प्रोसेट, यकृत बिघडलेल्यांना कधी बॅक्लोफेन. कुठलं चालेल ते डॉक्टर ठरवतील. माणसाला न कळवता जेवणात गोळी मिसळायचा सल्ला मला आत्ताच एका नातलगाने दिला. मी तसलं कधी करणार नाही. तुझ्या पाठीमागे तुझ्यावर उपचार करणारी आई मला व्हायचं नाही. लिव्हर टॉनिकच्या बाटल्याही आणू नकोस. दोन चमचे टॉनिक पिऊन मामा बिनधास्त प्यायचा. डोकेदुखीला पॅरासिटामॉल मनाने घेत असशील तर तेही विचारून घे. समुपदेशक आहेत, दारू सोडणाऱ्यांच्या, अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या बैठका आहेत, 1935 पासून चालत आलेल्या. तिथे आडनाव कुणी विचारत नाही. मला सांगता येत नाही ते तिथे सांग, चालेल.

अपॉइंटमेंट ठरली की कळव. मी येते. आत नाही येणार, बाहेर बाकावर बसेन.

आणि रिपोर्टचं दुसरं पान पाठव, प्लेटलेट्स आणि अल्ब्युमिनचं. फोटो उजेडात काढ. अंगठा आकड्यांवर येऊ देऊ नकोस.

तुझी,
आई