थकबाकीदारांची नावे फळ्यावर कशाला?

महोदय,
आमच्या सोसायटीच्या जिन्याखालच्या फळ्यावर थकबाकीदारांची नावे लाल खडूने लिहायचे काम सचिव म्हणून सहा वर्षे मीच केले. एकदा तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंचे नाव लिहिले, रक्कम ४,२०० रुपये. काकांना अर्धांगवायूचा झटका आल्याचे मला नंतर दूधवाल्याकडून कळले. नाव पुसले, तरी खडूची लाली राहिलीच. काकूंनी दुसऱ्याच दिवशी पैसे भरले आणि माझ्याशी बोलणे टाकले.

आदर्श उपविधींत (सोसायट्यांसाठीच्या नमुना नियमांत) थकबाकीवर व्याजाची तरतूद आहे, १९६० च्या सहकार कायद्यात वसुली दाखल्याची, म्हणजे थकबाकी कायद्याने वसूल करता येईल अशा आदेशाची. मग फळा कशाला? आधी दार वाजवावे. मात्र थकबाकी समिती सदस्याचीच असेल (आमच्याकडे होती!), तर तो विषय सर्वसाधारण सभेतच निघाला पाहिजे.

– एक माजी सचिव, डोंबिवली