‘राजीखुशीने’ हा शब्द वाचायला शिकवणाऱ्या तात्यांना

ती. तात्या,
साष्टांग नमस्कार.

परवा प्रबंधाची तोंडी परीक्षा झाली आणि माझं एलएल.एम. एकदाचं संपलं. ऋणनिर्देशाच्या पानावर मार्गदर्शक, प्राचार्य, ग्रंथपाल, आईवडील अशी उतरंड ठरलेली असते. त्यात तुमचं नाव घालते म्हटल्यावर तुम्ही हात जोडलेत. “पेन्शन चालू आहे बाळ, मला कशाला कागदावर आणतेस?” तेव्हा गप्प बसले. आता नाव न घेता चारचौघांत लिहिते आहे. नातू वाचून दाखवेलच.

मालमत्ता कायदा हा गट मी घेतला तेव्हा वर्गात बहुतेकांनी कॉर्पोरेट नाहीतर फौजदारी घेतलं होतं. विषय मात्र आमच्या घरातलाच होता. महाराष्ट्राने 22 जून 1994 पासून हिंदू वारसा कायद्यात दुरुस्ती करून मुलीला जन्मतः सहदायाद, म्हणजे एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेतली वाटेकरी केलं, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली वगळल्या. आईचं लग्न 1994 च्या मे महिन्यातलं, मावशीचं 1997 चं. एका घरच्या दोघी बहिणी, एक कायद्याच्या आत आणि एक पाच-सहा आठवड्यांनी बाहेर! पुढे 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राची दुरुस्ती आली आणि लग्नाची अट गेली. सुप्रीम कोर्टाच्या 11 ऑगस्ट 2020 च्या विनीता शर्मा निकालाने, 2005 साली वडील हयात असण्याचीही गरज नाही, असं सांगितलं. हे सगळं मला तोंडपाठ होतं. मार्गदर्शक म्हणाले, “निवाड्यांवरच लिही, डॉक्ट्रिनल ठेव, वेळेत होईल.” खरंच झालं असतं.

पण घरात प्रश्न असा होता, की इतका हक्क मिळूनही आईचं नाव सातबारावर का नाही? आईने तुमच्याकडे पाठवलं. “सांगोला तालुक्यात उभा जन्म तलाठी होते, त्यांना विचार.” (हल्ली पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालंय. गाव अजून तलाठीच म्हणतं.)

मी सातबारा पुढे केला. तुम्ही तो उलटा ठेवलात आणि म्हणालात, “हा निकाल झाला. भांडण फेरफारात असतं. गाव नमुना सहा काढून आण.” (म्हणजे फेरफाराचं रजिस्टर, जमिनीच्या हक्कातला प्रत्येक बदल ज्यात नोंदतात ते.)

अभिलेख कक्षातून नकला मिळवायला माझे किती हेलपाटे झाले ते तुम्हाला माहीत आहे. तिसऱ्या खेपेला तुम्ही स्वतः एसटीने आलात, गुडघे धरत जिना चढलात, आणि तासाभरात रजिस्टर टेबलावर आलं. बाहेर लिंबाखाली बसून तुम्ही जे शिकवलंत ते चार सेमिस्टरमध्ये कुठल्या पेपरात नव्हतं. नोंद खालून वर वाचायची. आधी मंडळ अधिकाऱ्याचा शेरा, मग नोटिशीवरच्या सह्या, मग वर्दी, म्हणजे बदलाची खबर, कोणी दिली ते, आणि शेवटी मजकूर. नाव कुठल्या रकान्यात बसलंय ते बघायचं. वडील गेले की मुलगे कब्जेदार सदरी (मालकाच्या रकान्यात) आणि बहिणी ‘इतर हक्कात’, हे मी दहा वेळा पाहिलं असेल, पण तो रकाना म्हणजे दारात उभं करून ठेवणं आहे हे तुम्ही सांगेपर्यंत लक्षात आलं नव्हतं. आणि थोरल्या भावाच्या नावापुढची ती तीन अक्षरं, ए.कु.मॅ. एकत्र कुटुंबाचा मॅनेजर. त्या ‘एकत्र’मध्ये बहिणी धरल्यात की नाहीत, हे कागद कधीच बोलत नाही.

मग ‘बहिणींनी राजीखुशीने हक्क सोडला’ ही ओळ. मी ती पुरावा म्हणून उतरवून घेत होते. तुम्ही माझा हात धरलात. “तारीख बघ.” पाहिली. “पंचांग काढ.” भाऊबीजेचा तिसरा दिवस. दुसरी नोंद नागपंचमीची. पोरी माहेरी आल्या की सह्या व्हायच्या. ओवाळणीचं ताट अजून उचललेलं नसायचं तोवर भाऊ कागद पुढे करायचा. एका जबाबावर ‘नि. डा. अं.’ (निशाणी डावा अंगठा) पाहून तुम्ही बराच वेळ थांबलात. “ही माझ्या बहिणीच्या वर्गात होती. सही करायची, चांगली वळणदार. हा अंगठा कुणाचा?”

कायद्याने बघायला गेलं तर अशा नोंदीची किंमत फार नाही. शंभर रुपयांवरच्या स्थावरातला हक्क सोडायचा तर 1908 च्या नोंदणी कायद्याप्रमाणे दस्त नोंदवावा लागतो. फेरफाराने मालकी येत नाही आणि जातही नाही, हे सुप्रीम कोर्टाने कितीदा सांगितलंय. पण महसूल संहितेच्या कलम 157 मुळे नोंद खरी धरली जाते, खोटी ठरवायची तर बहिणीने कोर्टात यायचं. आणि कोर्टात येणं म्हणजे माहेर तुटणं. प्रबंधाचं तिसरं प्रकरण सगळं एवढ्यावरच आहे.

तात्या, खरे आभार मला पुढच्या गोष्टीसाठी मानायचे आहेत, आणि तीच कशी लिहावी कळत नाही. नकलांच्या गठ्ठ्यात एक नोंद आली, ते अक्षर मी ओळखलं. तोवर तुमच्या चिठ्ठ्या वाचून वाचून सवय झाली होती. मी ती खाली सरकवली. तुम्ही परत वर काढलीत. “माझंच आहे. दोघीही हजर नव्हत्या. भाऊ म्हणाला, नंतर सह्या आणतो. आणल्या. मी विचारलं नाही.” चहा गार झाला तरी आपण दोघं बोललो नाही. मग तुम्ही म्हणालात, “हीसुद्धा घाल. दुसऱ्यांच्या घालतेस आणि माझी गाळलीस तर तुझा अभ्यास कसला?” संशोधन पद्धतीच्या पेपरात पूर्वग्रहावर मी सोळा मार्कांचं उत्तर लिहिलं होतं. असो.

मोडीचं वेगळंच. मला वाटलं होतं 1956 च्या हिंदू वारसा कायद्याच्या मागे जायची गरज नाही. तुम्ही हौसेने जुनं रजिस्टर उलगडलंत आणि भिंग लावून एक ओळ वाचलीत: नवरा वारल्यावर बाईला ‘अडीच एकर पोटगीस वहिवाटीस दिली’. साल 1939. बायकांच्या मालमत्तेचा कायदा 1937 सालीच झाला होता, मग हिला पोटगीच का, म्हणून मी रात्रभर शोधत बसले. तो कायदा शेतजमिनीला लागू नाही असं फेडरल कोर्टाने 1941 मध्ये म्हटलेलं सापडलं. आणि पुढचा धागा त्याहून मोठा निघाला. 1956 च्या कायद्याचं कलम 14 आणि त्यावरचा सुप्रीम कोर्टाचा 1977 चा तुलसम्मा निकाल म्हणतात, की पोटगीच्या हक्कापोटी बाईच्या ताब्यात आलेली जमीन तिच्या पूर्ण मालकीची होते. ती बाई 1956 ला जिवंत आणि वहिवाटीला असेल तर अडीच एकरांची मालकीण होती. तिला कुणी सांगितलं असेल असं वाटत नाही. हे ऐकून तुम्ही भिंग पुसत नुसतं “आयला” म्हणालात.

तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमकी या मोडी नोंदीचीच तळटीप काढली. फेरफाराचा संदर्भ कसा द्यायचा याचा नमुना कुठल्याच पद्धतीत नव्हता, म्हणून तुम्ही सांगितलात तसाच दिला होता: गाव, क्रमांक, तारीख, शेरा. गावं झाकून. “मोडी कोणी वाचली?” असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, ज्यांनी वाचली त्यांना नाव नकोय. हसले आणि पान उलटलं.

आईने अजून काही ठरवलेलं नाही. मामाला दुखवायचं नाही म्हणते. पण परवा तिने स्वतः नमुना सहाची नकल मागून घेतली आणि खालून वर वाचायला लागली. मी काही बोलले नाही.

काळ्या रेक्झिनच्या बांधणीची एक प्रत तुमच्यासाठी काढली आहे. तुमची नोंद एकसष्टाव्या पानावर आहे. तुमचं भिंग माझ्याच पिशवीत राहिलं. रविवारी सकाळच्या गाडीने दोन्ही घेऊन येते. काकूंना सांगा, चहाच करा, जेवण नको.

तुमची,
नकला आणणारी