बाबांचं कुलूप, आईचं तूप

ती. आई-बाबांना सा. न.

बाहेर पडताना कुलूप लावलं की मी ते दोन-तीनदा खाली ओढते आणि ‘लागलं’ असं मोठ्यानं म्हणते. बाबा, ही लकब थेट तुमची. आम्ही भावंडं जिन्यात खुदखुदायचो, पण तुमची पद्धत पक्की आहे. दाबून लावायच्या कुलपाची कडी पूर्ण आत न जाताही लागल्यासारखी दिसते. नुसतं हलवून ते कळत नाही, खाली ओढलं तरच सुटते. आणि सवयीनं केलेलं काम लक्षात राहत नाही, तोंडानं म्हटलेलं राहतं. मग बसस्टॉपवरून परत फिरावं लागत नाही.

साबणाचंही तसंच. उरलेली चिपटी नव्या वडीला लावायची तर आधी दोन्ही पाण्यात मऊ करायच्या, एकमेकींवर घासायच्या, नव्या वडीच्या खोलगट बाजूत चिपटी दाबायची आणि रात्रभर सुकू द्यायची. कोरडी दाबली तर पहिल्याच आंघोळीला निसटते. टूथपेस्टची संपत आलेली ट्यूब मी मधोमध कापते, म्हणजे एक अर्धं दुसऱ्यावर सरकवून ठेवता येतं आणि आतली पेस्ट वाळत नाही. दुधाच्या पिशवीचा कोपरा पूर्ण तोडत नाही, लटकता ठेवते; सुटा तुकडा मोरीत जातो, रद्दीवाल्यापर्यंत पोचत नाही. पिशवी आधी गार पाण्यानं विसळायची, गरम पाण्यानं दुधाचा थर चिकटून बसतो. मग ओट्यामागच्या टाइल्सवर वाळत.

आई, तुझ्याकडून आलेली सवय जास्त वेळखाऊ, आणि मला सगळ्यात प्रिय: सायीचा डबा. फ्रिज उघडला की तो किती भरला हे बघितल्याशिवाय दार लागत नाही. दूध मंद आचेवर तापवून, अर्धवट झाकून गार करायचं, मग ६-८ तास फ्रिजमध्ये. तेव्हा साय भाकरीसारखी जाड निघते. आठवड्याहून जास्त साठवायची तर फ्रीजरमध्ये, नाहीतर कडवट होते. विरजण लावायच्या आधी साय कोमट करून घ्यायची, अर्ध्या लिटरच्या डब्याला २ चमचे ताजं दही. घुसळताना मात्र पाणी गार हवं, मे महिन्यात बर्फच. नाहीतर लोण्याचा गोळा येत नाही, ते तेलकट होऊन ताकात फिरत राहतं. आलेला गोळा पाणी नितळ होईपर्यंत ३-४ वेळा धुवायचा. ताक राहिलं तर बेरी जास्त पडते, तळाला लागते आणि तुपाला आंबूस वास येतो.

कढवताना डोळ्यांइतकेच कान लागतात. हे तू कधी सांगितलं नाहीस, तरी मी तुझ्यासारखीच मान वाकडी करून ओट्याशी उभी असते. पाणी आहे तोवर तडतड मोठी. ती मंदावली की आच बारीक. वर बारीक फेस आला, तळाची बेरी बदामी दिसली, की लगेच गॅस बंद, कारण जाड बुडाचं पातेलं त्यानंतरही कढवत राहतं. विड्याचं पान तेव्हाच टाकायचं. कोमट असताना गाळायचं आणि न हलवता सावकाश निवू द्यायचं, म्हणजे छान रवाळ होतं. बेरीत साखर घालून मीही उभ्यानंच खाते.

कालनिर्णयवर दुधाच्या खाड्यांशेजारी सिलिंडर लावल्याची तारीख लिहिते, बाबा. १४.२ किलो एरवी किती दिवस पुरतो हे त्यावरून कळतं. फारच लवकर संपला तर गळती आहे का बघायचं. जोडावर साबणाचा फेस लावायचा, बुडबुडे आले तर गळती. काडी कधीही ओढायची नाही. ‘रेग्युलेटर बंद केला का?’ हे रात्री आता मी विचारते, घरातले सगळे हसतात, आणि मी तरीही उठून बघते. हा गॅस हवेपेक्षा जड, जमिनीलगत साचतो. म्हणून वास आला तर खिडकीबरोबर दारही उघडायचं आणि दिव्या-पंख्याच्या बटणाला हात लावायचा नाही.

रबरी नळी दर ५ वर्षांनी बदलायला हवी, दिसायला धड असली तरी. तिच्यावर साल छापलेलं असतं. तुमच्याकडची कधीची आहे ते उद्या बघून मला फोन करा. बाबा, गुडघे दुखतात तर तुम्ही ओट्याखाली वाकू नका, शेजारच्या मुलाला बॅटरी देऊन वाचायला सांगा.

तुमची,
लेक