फॅटच्या जागी लिटर

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गावात मी पायथॉन या संगणकभाषेचा क्लास घेतो. परवा अकरावीतल्या एका मुलाने घरच्या दुधाच्या हिशेबाचा प्रोग्रॅम करून आणला. डेअरीच्या चिठ्ठीवरचे आकडे घालायचे, फॅटप्रमाणे दर लावायचा, दहा दिवसांचं बिल काढायचं. एका वेळच्या दुधाची एक लिस्ट, तिचं नाव नोंद: [११२, "म्हैस", ६.५, ६.८, ९.१]. म्हणजे सभासद नंबर, जनावर, लिटर, फॅट, एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक). मोजणी शून्यापासून, म्हणून लिटर नोंद[२] आणि फॅट नोंद[३].

मग सकाळ-संध्याकाळ वेगळी हवी म्हणून त्याने नंबरानंतर "सकाळ" घातलं. पुढचं सगळं एकेक घर सरकलं. लिटरच्या जागी "म्हैस" आली तेव्हा प्रोग्रॅम अडला, तेवढं त्याने दुरुस्त केलं. फॅटचा ३ तसाच राहिला आणि तिथे लिटर येऊन बसले. ६.८ऐवजी ६.५, संगणकाला काय पत्ता! चूक आजीने पकडली. "दूध कमी आलं की फॅटबी कमी कशी लागती रं? म्हशीचं उलटं असतंय."

पोराला दोष देत नाही. आम्ही क्लासवाले लिस्ट महिनाभर घोटून घेतो आणि ऑब्जेक्ट, म्हणजे प्रत्येक रकान्याला नाव असलेली नोंद, आलं की उदाहरणं तीच, कुत्रा भुंकतो, गाडी धावते, तेही परीक्षेपुरतं. डेअरीच्या कार्डावरसुद्धा रकान्यांना नावं छापलेली असतात. 'चौथा आकडा किती लागला?' असं कुणी विचारत नाही.

लिस्टशी माझं वैर नाही. महिन्याच्या सकाळ-संध्याकाळ मिळून ६० नोंदी ओळीने ठेवायच्या तर लिस्टच हवी. पण तिच्यातली एकेक नोंद ऑब्जेक्ट असावी. पायथॉन ३.७ मध्ये, २०१८ साली, असं ऑब्जेक्ट थोडक्यात बनवायची सोय, डेटाक्लास, आली. ती सोय मागवणारी इम्पोर्टची ओळ धरून आठ ओळींत ही मूळची पाच रकान्यांची नोंद तयार होते, आणि नोंद.फॅट असं चक्क देवनागरीतही लिहिता येतं. मात्र भरतानाही फॅट=६.८ असं नाव घालूनच भरायचं. नुसते आकडे ओळीने दिले तर तीच अदलाबदल पुन्हा.

अभ्यासक्रम आखणाऱ्यांना विनंती एवढीच, की लिस्टच्या पाठोपाठ हे घ्या, आणि उदाहरण मुलांच्या घरातलं घ्या. आमच्या या मुलाने प्रोग्रॅम नव्याने लिहिला आहे. आता आजी विचारते, रेडकाला पाजलेलं दूध कुठं लिहितोस? तो रकाना अजून व्हायचाय.

— एक संगणक शिक्षक,
ता. करवीर, जि. कोल्हापूर