वाडीसाठी चेनसॉ घेताना

चिपळूण,
८ एप्रिल

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

२२ इंची बाराची (बार म्हणजे साखळी जिच्यावर फिरते ती पट्टी), ५८ सीसीची चेनसॉ स्वस्तात मिळतेय, घेऊ का, असं तू विचारलंस. माझं उत्तर आहे, घेऊ नकोस. केळशीच्या तुझ्या वाडीत माड, पोफळी, आंब्याची चार कलमं आणि कुंपणाची सुरूची झाडं. वर्षभर कापायचं ते बंबाचं आणि चुलीचं जळण, आणि वादळ आलं तर आडवी झालेली झाडं. या सगळ्याला ४० ते ४५ सीसीचं इंजिन आणि १६ इंची बार पुरतो. फार तर १८ इंची घे, त्याच्या पुढे जाऊ नको.

हिशोब साधा आहे. बुंध्याच्या जाडीपेक्षा बार दोन इंच लांब असला की एका बाजूने काप पूर्ण होतो. दोन्ही बाजूंनी कापलं तर जवळपास दुप्पट जाडी निघते. माडाचा बुंधा साधारण फूटभर, मुळाशी थोडा जास्त. पोफळ तर सहा-सात इंचांची. राहता राहिला जुन्या कलमाचा खालचा बुंधा. तो दोन्हीकडून घ्यावा लागेल, पण तसं काम वर्षातून एकदा निघणार. त्या एका दिवसासाठी वर्षभर लांब बार बाळगण्यात फायदा नाही. लांब बारावर दात जास्त, म्हणजे इंजिनावर ओढ जास्त. शिवाय पडलेल्या झाडाच्या पलीकडे बाराचं टोक कुठे लागतंय हे दिसत नाही. ते मातीत घुसतं किंवा दुसऱ्या फांदीला टेकतं. आणि वजन बघ. स्टिल कंपनीची एमएस २५० घे उदाहरणाला, ४५.४ सीसी, बार-साखळीशिवाय ४.६ किलो. २२ इंची मशीन पेट्रोल-तेल भरून सात-आठ किलोंच्या घरात जाते. वादळानंतर दिवसभर वाकून काम करायचं असतं. दुपारी तीननंतर हात थकले की अपघात होतात.

फक्त जळणच कापायचं असतं तर मी ३०-३२ सीसीची छोटी मशीनही चालेल म्हटलं असतं, एमएस १८० सारखी. पण ओली चिंच किंवा सुरू आडवा पडला तर ती रडवते. विजेवरची मशीन जळणाला उत्तम. आवाज कमी, पेट्रोलची कटकट नाही. २००० वॅटची मशीन जवळपास ९ अँपिअर घेते, म्हणून १६ अँपिअरचा प्लग आणि किमान २.५ स्क्वेअर एमएमची वायर हवी. बारीक वायर तीस मीटर ओढलीस तर मोटर तापून जळेल. पण ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ येऊन गेलं तेव्हा दापोली-मंडणगडच्या गावांत किती दिवस वीज नव्हती, हे तुला मी सांगायला नको. झाडं आडवी असतात नेमकी तेव्हाच ही मशीन बंद. बॅटरीवरची छोटी मशीन फांद्या छाटायला छान, बुंध्याला नाही.

दुकानात गेलास की किंमत शेवटी विचार. आधी विचार, की हिचा बार, साखळी, स्प्रॉकेट (साखळी फिरवणारं दातेरी चाक), स्टार्टरची दोरी, एअर फिल्टर आणि कार्ब्युरेटरचं किट दापोलीत किंवा खेडला मिळतं का. मिळत नसेल तर ती मशीन कितीही चांगली असो, पहिल्या पावसाळ्यानंतर पडवीत पडून राहणार. स्टिकरवरच्या सीसीवर विसंबू नको, पुस्तिकेत इंजिनाची ताकद किती किलोवॅट लिहिलीय ते बघ. मग मशीन सुरू करून दाखवायला सांग. ट्रिगर सोडल्यावर साखळी थांबायला हवी. ती हळूहळू फिरत राहिली तर आयडलचा (ट्रिगर सोडल्यावरचा वेग ठरवणारा) स्क्रू कमी करून घे. पुढचा हँडगार्ड पुढे ढकलला की चेन ब्रेक खटकन लागला पाहिजे. मागच्या हँडलवरचा लॉक दाबल्याशिवाय ट्रिगर ओढता येता कामा नये. बाराच्या खाली, मशीनला लागून एक छोटा हूक असतो. साखळी तुटली किंवा उतरली तर तो तिला हाताकडे येऊ देत नाही. काही स्वस्त मशीनमध्ये तो नुसता नावाला असतो.

आता साखळीबद्दल, कारण लाकूड साखळी कापते, इंजिन तिला फक्त फिरवतं. मशीनसोबत दोन जादा साखळ्या घेच. घेताना तीन आकडे लिहून ने: पिच (कड्यांमधलं अंतर), गेज (बाराच्या खाचेत बसणाऱ्या कडीची जाडी) आणि ड्राइव्ह लिंकची, म्हणजे खाचेत बसणाऱ्या कड्यांची, संख्या. हे बाराच्या बुडाशी कोरलेले असतात. नुसतं ‘१६ इंची द्या’ म्हणू नको. .३२५ इंच पिचमध्येच १६ इंचाला एका बनावटीत ६२ लिंक असतात, दुसरीत ६६. चुकीची साखळी एक तर बसत नाही, नाही तर सैल राहून उतरते.

धार लावायची गोल कानस पिचप्रमाणे बदलते. छोट्या मशीनच्या ३/८ लो प्रोफाइल (कमी उंचीच्या) साखळीला ४ मिमी, .३२५ ला ४.८ मिमी. धार गेली हे भुशावरून कळतं. चांगली साखळी कीस टाकते, तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे. पीठ पडायला लागलं, मशीन दाबावी लागली, कापातून धूर आला, की थांब. तेव्हाच थांबलास तर चार हात कानस मारून भागतं. तसंच रेटत राहिलास तर बार तापतो, साखळी ताणते आणि क्लच झिजतो.

धार अशी लाव. बार एखाद्या ओंडक्याला घेतलेल्या खाचेत घट्ट बसव. एका दातावर मार्करने खूण कर, म्हणजे कुठून सुरू केलं ते कळेल. कानस दातावर ३० अंशांत धर. प्रत्येक दातावर तशी रेघ कोरलेली असते, तिला समांतर राहा. कानशीचा पाचवा हिस्सा दाताच्या वर दिसला पाहिजे. दातांच्या आतून बाहेर, एकाच दिशेने मार. मागे ओढताना कानस उचल, घासू नको. प्रत्येक दाताला सारखेच तीन किंवा चार हात. एका बाजूचे सगळे दात झाले की दुसऱ्या बाजूचे. एका बाजूला जास्त हात पडले तर काप सरळ उतरत नाही, कमानीसारखा वळतो आणि बार अडकतो. तीन-चार वेळा धार लावून झाली की दातापुढचा उंचवटाही सपाट कानशीने उतरवावा लागतो. तो दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिमी खाली हवा. त्यासाठी पत्र्याचं गेज, म्हणजे मापपट्टी, मिळते, ती घे. अंदाजाने जास्त उतरवलास तर साखळी लाकडात झेप घेते आणि मशीन हातातून उसळते. ही मापपट्टी स्वस्त आहे, पण बहुतेक लोक घेत नाहीत.

नवी साखळी पहिल्या अर्ध्या तासात ताणते, म्हणून दर दहा मिनिटांनी बघ. ताण बरोबर म्हणजे साखळी बाराला खालून चिकटलेली, तरी हातमोजा घालून ओढली तर सहज सरकणारी. गरम साखळी घट्ट केलीस तर काम संपल्यावर सैल करायला विसरू नको, थंड होताना ती आखडते. आणि साखळी बसवताना वरच्या बाजूच्या दातांची धार बाराच्या टोकाकडे आहे ना, हे बघ. उलटी बसली की नुसता धूर निघतो, लाकूड कापलं जात नाही. मग लोक मशीनलाच दोष देतात.

पेट्रोलमध्ये टू-टी (टू-स्ट्रोक इंजिनाचं) तेल मिसळायचं प्रमाण पुस्तिकेत बघ. ५० ला १ असेल तर लिटरला २० मिली, २५ ला १ असेल तर ४० मिली. तुझी गवत कापायची मशीनही याच प्रमाणावर असेल तर एकच कॅन चालेल. तेलाशिवाय एकदा जरी चालवलीस तर पिस्टन धरतो. मिसळलेलं पेट्रोल महिन्यापेक्षा जास्त ठेवू नको. आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे, ते हवेतलं पाणी ओढतं आणि कार्ब्युरेटरचा पडदा कडक होतो. मशीन महिनाभर बंद राहणार असेल तर टाकी रिकामी कर आणि आपोआप बंद पडेपर्यंत चालव. साखळीचं तेल वेगळं. गाडीतून काढलेलं काळं तेल वापरू नको. त्यातल्या लोखंडाच्या कणांनी पंप बुजतो, आणि ते उडून हातातोंडावर येतं. बार ऑइल मिळालं नाही तर नवं २०-डब्ल्यू-४० इंजिन ऑइल चालेल. तेल येतंय का हे बघायला बाराचं टोक एखाद्या पुठ्ठ्यापासून वीतभर वर धरून दहा सेकंद रेस दे. तेलाची रेघ उमटली पाहिजे.

वाडीतली गोष्ट वेगळी लक्षात ठेव. किनाऱ्यावरच्या माडाच्या सालीत वाळू असते, आणि वाळूवर साखळीची धार दोन मिनिटांत जाते. कापायच्या जागी कोयत्याने साल तासून घे किंवा पाण्याने धू. जुन्या माडाला खिळे, तार, दिव्याची पट्टी ठोकलेली असते, तीही शोध. माडाचे धागे क्लचच्या कव्हरखाली घट्ट बसतात. प्रत्येक टाकी संपली की कव्हर उघडून खरवड, नाही तर तेलाची वाट बंद होते. जमिनीवरचा ओंडका पूर्ण खालपर्यंत कापू नको. चारातले तीन हिस्से जाडी काप, पहारीने उलटा कर, मग उरलेलं काप.

वादळानंतर मात्र मशीन लगेच काढू नको. आधी तारा बघ. पडलेल्या तारेत वीज नाही असं गृहीत धरू नको, शेजारच्याच्या जनरेटरमधूनही ती उलटी येऊ शकते. महावितरणच्या माणसाने सांगेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. दुसरं, भरपाई हवी असेल तर गावच्या महसूल आणि कृषी खात्याच्या माणसांचा पंचनामा होईपर्यंत पडझड तशीच ठेव. रस्ता अडला म्हणून कापावंच लागलं तर आधी चारी बाजूंनी फोटो काढ. आणि उभं झाड पाडायचं असेल तर परवानगी लागते का ते विचार. १९६४ च्या वृक्षतोड कायद्याच्या यादीत आंबा, फणस, चिंच, जांभूळ, किंजळ, ऐन आहेत.

मग झाडाभोवती एक फेरी मार आणि प्रत्येक फांदी कुठे दबलीय, कुठे ताणलीय ते बघ. बुंधा दोन्ही टोकांना टेकलेला आणि मध्ये अधांतरी असेल, तर वर दाब आणि खाली ताण असतो. वरून एक तृतीयांश काप, मग खालून वर येऊन मिळव. सरळ वरून कापत गेलास तर काप मिटतो आणि बार गच्च अडकतो. एकच टोक टेकलेलं असेल तर उलट, आधी खालून एक तृतीयांश, मग वरून. काप मिटायला लागला तर लाकडाची किंवा प्लास्टिकची पाचर ठोक. लोखंडाची नको, साखळी लागली की दात जातील. वाकून दबलेली पोफळ सर्वांत फसवी. ती धनुष्यासारखी ताठ असते. तिला बाहेरच्या बाजूने एकदम कापायचं नाही, वाकाच्या आतल्या बाजूने थोडं थोडं सोलत जायचं, म्हणजे ताण हळूहळू सुटतो.

मुळासकट उपटलेलं कलम आणखी धोक्याचं. बुंध्याचं वजन निघालं की मातीचा गड्डा अचानक उलटून खड्ड्यात परत बसतो. म्हणून मुळाशी चार-पाच फूट बुंधा ठेवून काप, बाजूला उभा राहा, आणि गड्ड्याच्या मागे पोरंटोरं किंवा गुरं नाहीत याची खात्री कर. वर अडकलेल्या फांदीखाली उभं राहायचं नाही. खांद्याच्या वर मशीन न्यायची नाही. शिडीवर किंवा कौलांवर चढून कापायचं नाही, ते काम दोर बांधणाऱ्या माणसांचं. बाराच्या टोकाचा वरचा पाव भाग कशालाही टेकला की मशीन तोंडाकडे उसळते. डाव्या हाताचा अंगठा पुढच्या हँडलखाली गच्च असेल तरच ती आवरते.

हेल्मेट, गॉगल, कानाला बंद, बूट आणि मांडीवर बांधायचं संरक्षक कापड घे. साखळी लागलीच तर त्या कापडातले धागे निघून स्प्रॉकेटमध्ये अडकतात आणि साखळी थांबते. मशीनवर पैसे वाचवायचेच असतील तर बार लहान घेऊन वाचव, या कापडावर नको. आणि एकटा कधीच कापू नको.

पडलेल्या माडाचे ओंडके वाडीत कुजत ठेवू नकोस. त्यात गेंड्या भुंगा वाढतो आणि उभ्या माडांचे शेंडे खातो. दोन-दोन फुटांच्या गंडेऱ्या करून, चिरून, उन्हात वाळव. आणि उभ्या माडांना कोयत्याची किंवा साखळीची जखम करू नको, तिथे सोंड्या भुंगा अंडी घालतो.

मेमध्ये दुकानांत गर्दी होते, म्हणून याच महिन्यात घे. जाण्याआधी मला दोन गोष्टी कळव: तुझ्या सर्वांत जाड कलमाचा घेर छातीच्या उंचीवर किती, आणि दापोलीचा मेकॅनिक कोणत्या मशीनचे पार्ट ठेवतो. त्यावरून १६ इंची की १८ इंची ते ठरवू.

काका-काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश