पत्र्यावरचे दगड उतरवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत इंग्लंडमधल्या 1703 सालच्या वादळावरचा लेख वाचला. गुडविन सँड्सच्या वाळूत रुतून फुटलेली आरमारी जहाजे, आपणच बांधलेल्या एडिस्टोनच्या दीपगृहासकट नाहीसा झालेला हेन्री विन्स्टनली, हे सगळे त्यात आहे. मी सोलापूरच्या पूर्व भागात पत्रे बसवायचे काम करतो, म्हणून छपरांचे काय झाले तेवढे पुन्हा पुन्हा वाचले.

त्या नोव्हेंबरात एका रात्रीत लंडनमधली दोनेक हजार धुराडी पडली म्हणतात. वेल्स गावचे बिशप रिचर्ड किडर आणि त्यांच्या पत्नी स्वतःच्या महालात, अंथरुणातच, वरून धुराडे कोसळून गेले. वेस्टमिन्स्टर ॲबी या तिथल्या मोठ्या चर्चच्या छपरावरचे शिशाचे पत्रे वाऱ्याने गुंडाळले. शिशाचे! आमचा पत्रा काय घेऊन बसलात? नंतर कौलांचा भाव हजारी 21 शिलिंगांवरून 6 पौंडांवर, म्हणजे जवळजवळ सहापट गेला. (व्यापारी इथूनतिथून सारखेच, त्यात मीही आलो.)

आपल्याकडे धुराडी नाहीत, दगड आहेत. अक्कलकोट रोडच्या बाजूला कुठल्याही गच्चीवर उभे राहून बघा. पत्र्यावर दगड, विटा, टायर, विणकामाच्या मागाचे भंगार. वळवाचा वारा पत्र्याला खाली दाबत नाही, वर ओढतो. एकदा कडेखाली शिरला की पत्रा उचलतो आणि दगड खाली झोपलेल्या पोराच्या अंगावर. साध्या वाऱ्यात दगड पत्रा धरतो, म्हणून लोकांचा त्याच्यावर भरवसा.

खाली लोखंडी अँगल असेल तर जे-बोल्ट, म्हणजे आकडीसारखे वाकवलेले बोल्ट, मारावेत, वॉशरसकट, पन्हळीच्या उंचवट्यावर, आणि कडेला व कोपऱ्यात जवळजवळ. अँगलही भिंतीत पक्का हवा, नाहीतर पत्रा त्याला घेऊनच जातो. असे सांगाडे मी दुसऱ्याच्या अंगणातून उचलून आणले आहेत.

13 मे 2024 ला घाटकोपरला होर्डिंगखाली 17 माणसे गेली, तेव्हापासून वादळ म्हटले की होर्डिंगचीच चर्चा. ती हवीच. पण होर्डिंगला परवाना असतो, मालक सापडतो. भाड्याच्या खोलीत मालक म्हणतो, "दगड ठेव की दोन", आणि भाडेकरू दुसऱ्याच्या घराला बोल्ट कशाला मारेल?

महापालिका धोकादायक इमारतींना नोटिसा देते, तेव्हाच पत्र्याच्या खोल्याही बघाव्यात. पंचनाम्याआधी बोल्ट स्वस्त पडतात. आणि आपण गुढीपाडव्याच्या सुमारास शहर पानावर दगड उतरवून बोल्ट मारलेल्या छपराचा फोटो छापावा, खाली चार ओळी तेलुगूत. आमच्या भागातल्या म्हाताऱ्या माणसांना त्या वाचता येतील.

फोटोसाठी छप्पर मी दाखवतो. फक्त सकाळी लवकर या, दहानंतर पत्र्यावर पाय ठरत नाही.

आपला,
एक पत्रेवाला, पूर्व भाग, सोलापूर